चुलीवरचा पेनड्राइव्ह

आमच्या घरात पेनड्राइव्हचा विषय निघाला की आमचे हे माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसतात आणि मी उठून स्वयंपाकघरात जाते. मी शाळेत शिकवते. शिस्त माझी कडक आणि जीभ त्याहून कडक, हे महाडातल्या निम्म्या लोकांना ठाऊक आहे, उरलेल्यांना त्यांच्या मुलांनी सांगितलं असेल. घरातली प्रत्येक वस्तू जागच्या जागी लागते मला. अशा बाईची फजिती झाली की लोकांना जरा जास्तच गोड लागते, म्हणून ही हकीकत मी आजवर बाहेर फारशी सांगितली नाही.

महाडच्या बाजारपेठेत राहायचं म्हणजे सावित्री नदीशी शेजारधर्म पाळायचा. ती कधी घरात येईल ते विचारायचं नाही, आपण तयारीत असायचं. मे महिना संपत आला की आमच्याकडे घरोघर एकच काम चालतं, वस्तू वर चढवायचं. तांदळाचे डबे माळ्यावर, गाद्या माळ्यावर, मिक्सर माळ्यावर. आणि ज्या बायकांचं माहेर डोंगरात आहे त्यांची तर चैनच. लग्नातले शालू, घराचे कागद, मुलांचे दाखले, सगळं पत्र्याच्या पेटीत भरायचं आणि पावसाळाभर माहेरी ठेवून द्यायचं. माझं माहेर पोलादपूरच्या वर, डोंगराच्या माथ्यावरच्या वाडीत. तिथे पाऊस कितीही कोसळला तरी पाणी थांबत नाही, ते खाली आम्हालाच भेटायला येतं. आमचे हे त्या घराला सासुरवाडीचं लॉकर म्हणतात.

त्या लॉकरचे मालक माझे आबा. चार म्हशी, थोडी भाताची खाचरं, डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरी. पण वाडीत त्यांना मान होता तो वेगळ्याच कामाचा. आमच्याकडे लग्न असो, बारसं असो, कोणी नवी म्हैस आणलेली असो, गावदेवापुढे नारळ ठेवून देवाला सगळं तोंडाने सांगावं लागतं. कुणाचं कार्य आहे, सोयरीक कुठली, मागणं काय. त्याला गाऱ्हाणं म्हणतात. एकाने घालायचं आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. वाडीचं गाऱ्हाणं आबांकडे होतं. काय तो आवाज! पलीकडच्या टेकाडावर चरणारी आमची जनावरं गाऱ्हाणं सुरू झालं की माना वर करायची, त्यांना वाटायचं आपल्यालाच हाक मारली.

त्याच घशात गाठ निघाली. बिडी सोडा, बिडी सोडा म्हणून मी माझं अर्धं आयुष्य घालवलं होतं, पण ते सगळं गाढवापुढे वाचली गीता. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचेल, पण आवाजाची पेटी काढावी लागेल. येताना गाडीत मी भांडायला तयार बसले होते, पण आबा माणगाव येईपर्यंत खिडकीबाहेर तोंड करून बसले, त्यामुळे मलाही कुणाशी भांडता आलं नाही. त्या रात्री ते आमच्याकडेच राहिले. सकाळी चहा पिताना म्हणाले, “बाय, जीव ऱ्हायला तं बरंच हाय. पन धाकटीचं लगीन ऱ्हायलंय.”

धाकटी म्हणजे माझी बहीण, मुंबईत एका लॅबमध्ये नोकरी करणारी. शेंडेफळ. तिच्यासाठी तेव्हा स्थळं बघणं चालू होतं.

मी म्हटलं, “आबा, लग्नाला तुम्ही असणार आहात. त्याचसाठी तर ऑपरेशन.”

“मी आसन गो. पन देवाशी कोन बोलंल? दुसरं कुनी बोललं तं देव इचारंल, हिचा बाप कुठं हाय?”

असं म्हणून ते कपबशी विसळायला गेले. माझ्या आयुष्यात आबांनी कधी कपबशी विसळलेली नव्हती. मला रडू आलं, आणि मला रडू आलं की राग येतो, म्हणून मी त्यांच्या हातातून बशी ओढून घेतली आणि म्हटलं, चला, कॉम्प्युटरपाशी बसा.

माझा फोन तेव्हा शाळेच्या ग्रुपवरच्या शुभ सकाळने इतका तुंबलेला असायचा की त्यात एक फोटोसुद्धा मावायचा नाही. कॉम्प्युटरला मात्र माइक होता. मी आबांच्या डोक्यावर हेडफोन चढवला, माइक तोंडाशी आणला, आणि लाल बटण दाबून दिलं. आबा म्हणाले, “तू भायेर जा.” मी का म्हणून विचारलं. तर म्हणाले, “देवाच्या आधी तू ऐकायचं नाय.” दार लावून घेतलं त्यांनी. मी स्वयंपाकघरात भाजी निवडत बसले. आतून नुसता सूर ऐकू यायचा, शब्द नाही. मधे बराच वेळ काहीच आलं नाही, मला वाटलं झालं, तर परत सुरू. शेवटी दारावर टकटक केलं त्यांनी. मी फाइल जतन केली, फोल्डरला ‘आबा’ नाव दिलं. ऐकली नाही. मी लाख आगाऊ असेन, पण आबांनी देवाचं नाव घेऊन घातलेली अट मोडायची माझी छाती नाही.

ऑपरेशन झालं. आबा वाचले. गळ्याला श्वासासाठी भोक, त्यावर पांढरा रुमाल. काही हवं असलं की टाळी वाजवायची, बाकी सगळं हातवाऱ्यांनी. आई त्यांचे हातवारे मुद्दाम उलटे समजून घ्यायची. त्यांनी तंबाखूची खूण केली की पाणी आणून द्यायची, आणि वर म्हणायची, “मला काय समाजतंय तुमचं?” असे त्यांचे दिवस पुन्हा सुरळीत चालू झाले.

पावसाळा तोंडावर आला तशी मी पेटी भरली. त्या वर्षी पेटीत शालूंच्या जोडीला एक नवी वस्तू होती. फोल्डर मी एका पेनड्राइव्हवर उतरवून घेतला होता. नेटवर चढवून ठेव असं शाळेतल्या सरांनी सुचवलं होतं, पण आमच्या गल्लीत पावसात नेट असतं कुठे, आणि डोळ्यांना दिसत नाही तिथे ठेवलेल्या वस्तूवर माझा विश्वास बसत नाही. पेटी घेऊन मी स्वतः वर गेले. पेनड्राइव्ह पेटीत न ठेवता आईच्या हातात दिला.

“आये, नीट ऐक. यात आबांचं गाऱ्हाणं आहे. धाकटीच्या लग्नातलं.”

आईने तो उलटापालटा करून बघितला. “येवढ्याशात?”

“एवढ्याशात. याला ओल लागता कामा नये. बाकी काही कळलं नाही तरी चालेल, एवढं ध्यानात ठेव. ओल लागली की गेलं सगळं.”

तिने तो कानाला लावून बघितला, मग पदराच्या टोकाला बांधला आणि म्हणाली, “ओलीचं मला नको शिकवूस.”

पुढे सावित्री आली. ती आली म्हणजे कशी येते ते महाडकरांना सांगायला नको आणि बाकीच्यांना सांगून कळत नाही. कॉम्प्युटर आम्ही टेबलावरून उचलून माळ्यावर ठेवला होता. पाणी माळ्यावरही गेलं. उतरल्यावर आमच्या ह्यांनी कॉम्प्युटरचा डबा उघडला तर आतून गाळ निघाला, भांडं विसळल्यासारखा. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी हातातलं फावडं न थांबवता म्हटलं, “बघताय काय? बॅकअप आहे माझ्याकडे.” गल्लीत चिखल उपसताना मी हे वाक्य शेजारणींना इतक्या वेळा ऐकवलं की त्यांना बॅकअप म्हणजे माझ्या माहेरचा कुठला खाद्यपदार्थ असावा असं वाटलं असेल. एवढ्या नासधुशीत मला एका गोष्टीचा गर्व होता.

वाडीचा रस्ता दरडी पडून बंद होता. तो सुरू व्हायच्या आत धाकटीचं लग्न ठरलंसुद्धा. मुलगा पाचाडकडचा, शेती सांभाळून छोटी खानावळ चालवणारा, हसरा. लग्न माघात, आमच्या वाडीतच. आबांचा व्हिडिओ कॉल आला. म्हणजे लावला आईने, आणि पहिलं तोंडही तिचंच दिसलं. मग आबा दिसले. त्यांनी स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवलं, मग कानावर, आणि भुवया उडवल्या. मी मान हलवली. आहे आबा, सुखरूप आहे. ते असे हसले की मला त्या दिवशी घरातला ओलसर वासही चांगला वाटला.

दसरा झाल्यावर मी वर गेले. पेटी उघडली. शालू होते, कागद होते, पेनड्राइव्ह नव्हता. आईने तो पेटीत ठेवला असेल असं मी धरून चालले होते. मी सगळं जमिनीवर पसरलं, प्रत्येक साडीची घडी झटकली. आई भाकरी थापत होती. म्हणाली, “पेटीत काय शोधतस? पेटीत पावसाची वल येते.”

आणि तिने पिठाच्या हाताने वर बोट दाखवलं.

चुलीच्या वर, बरोब्बर धुरात, वाशाला आमच्या घरचं बियाणं टांगलेलं असतं. काकडी, चिबूड, भोपळा, पडवळ. चुलीतली कोरडी राख घालून एकेका फडक्यात बांधायचं आणि धुरावर लटकवायचं. पावसाळाभर खाली चूल पेटती, वर बी कोरडं ठणठणीत. आईचं बी उगवलं नाही असं कधी झालेलं नाही, अख्खी वाडी तिच्याकडून न्यायची. त्या काळ्या पडलेल्या पुरचुंड्यांत एक नवी पुरचुंडी होती. मी पाटावर चढून ती काढली. आत राख. राखेत चिबडाच्या बिया. बियांत माझा पेनड्राइव्ह, वरचं प्लॅस्टिक पापडासारखं वाकडं झालेला.

मग मी जे बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. “बियाणं आहे का ते? पेरायचंय का मला?” इथपासून सुरू झालं. आईसुद्धा काही कमी नाही. “तूच म्हनालीस ना, वल लागता कामा नये. बाकी काय कळलं नाय तरी चालंल म्हनालीस. लागली का वल? सांग, लागली का?” मी आणखी भडकले. म्हटलं, “अगं, उष्णतेने मरतं ते! आत काही उरलं नसणार आता. गेला आबांचा आवाज!”

हे मी बोलायला नको होतं. कारण आबा दारात उभे होते. ती पुरचुंडी तिथे आहे हे त्यांना ठाऊक होतं. रोज जेवताना वर बघायचे म्हणे, आणि समाधानाने जेवायचे. चुलीवर वस्तू सुरक्षित असते हे त्यांनाही आईइतकंच पटलेलं होतं. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या त्या वाकड्या वस्तूकडे, आणि हळूच खाली बसले. गळ्यावरचा रुमाल नीट करत राहिले नुसते. आई भाकरी तव्यावर टाकायची विसरली. मला माझ्या जिभेची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी खाली निघाले तर आबा आधीच सदरा घालून तयार. नको म्हटलं तरी ऐकेनात. पोलादपूरहून एसटीत बसलो. पेनड्राइव्ह त्यांच्या खिशात, खिशावर हात. महाड डेपोपर्यंत हात तिथून हलला नाही.

आमच्या ह्यांनी नवा लॅपटॉप घेतला होता. वाकड्या प्लॅस्टिकमुळे पेनड्राइव्ह आत शिरेना. ह्यांनी सुरीने वरचं कवच हळूहळू सोलून काढलं, आतली हिरवी पट्टी तेवढी उरली. ती खुपसली. काही नाही. काढून फुंकर मारली, राख उडाली, परत लावली. तेवढ्यात स्क्रीनवर सूचना आली, हा ड्राइव्ह वापरायचा तर आधी फॉरमॅट करावा लागेल, करू का? खाली ‘हो’चं बटण. माझा हात माउसवर गेला. मला वाटलं, निदान चालू तरी झाला, विचारतोय तर म्हणू हो. ह्यांनी माझं मनगट धरलं. “अगं, काय करतेस? हो म्हणालीस तर सगळं पुसलं जाईल.” मी हात मागे घेतला. असं नम्रपणे विचारून घर पुसून नेणारं यंत्र मी दुसरं बघितलेलं नाही.

आबा दोघांकडे आळीपाळीने बघत होते. मी उठले, दप्तरातलं माझं शाळेचं खोडरबर आणलं. पेनड्राइव्हच्या टोकाच्या धातूच्या पट्ट्या काळ्या पडल्या होत्या, धुराने. मुलांच्या वहीतला डाग घासावा तशा मी त्या घासल्या. हलक्या हाताने, पुन्हा पुन्हा, मनात देवाला इतकंच म्हणत की माझ्या आईला दोष लागू देऊ नकोस. ह्यांनी परत लावला. दिवा लुकलुकला. थोडा वेळ काही झालं नाही, आणि मग फोल्डर दिसला. आबा.

आबांना वाचता फारसं येत नाही, पण ते नाव त्यांनी ओळखलं. हात पुढे करून त्यांनी लॅपटॉपची पाठ थोपटली, दूध दिल्यावर म्हशीची थोपटायचे तशी. मी फाइल एक क्षण लावून बघितली, नुसतं आबांचं खाकरणं आलं, आणि त्यांनी लगेच हात वर केला. बंद. ठरलं ते ठरलं.

मग मी त्या फाइलच्या इतक्या प्रती काढल्या की विचारू नका. लॅपटॉपवर, ह्यांच्या फोनवर, माझ्या रिकाम्या केलेल्या फोनवर, आणखी एका पेनड्राइव्हवर, धाकटीला मुंबईला. तिलाही बजावलं, ऐकायचं नाही. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं. आईला फोन करून सांगितलं, वाचलंय. ती म्हणाली, “वाचनार नाय तं काय? राखेत ठेवला व्हता मी.” तिचा आजही ठाम विश्वास आहे की राखेमुळेच वाचला. ती हे वाडीत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, आणि खोटं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही.

लग्नाच्या दिवशी गावदेवापुढे सगळे जमले. नारळ ठेवला. आबांचा आवाज गेल्यापासून गाऱ्हाणं माझ्या चुलत्यांकडे आलं होतं, ते कुरकुरले, “यंतराचं गाऱ्हानं देवाला चालंल का?” कुणीतरी मागून म्हणालं, “लाउडस्पीकरची आरती चालते की त्याला.” काका हसले आणि बाजूला सरकले. स्पीकरवाल्याच्या यंत्रालाच पेनड्राइव्ह लावायची सोय होती. मी तो तिथे खोचला आणि हात जोडून उभी राहिले, पण लक्ष सगळं यंत्राकडे.

खाकरणं आलं, आणि मग आबांचा आवाज. तो मूळचा, धडधाकट. “हे गावदेवा म्हाराजा, आज तुझ्या पायाशी माझी धाकटी लेक उभी हाय.” कुणाला क्षणभर ‘व्हय म्हाराजा’ सुचलंच नाही. आईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. आबा देवासमोर ताठ उभे होते, आणि प्रत्येक शब्दाला त्यांचे ओठ हलत होते. मग लोक सावरले. “व्हय म्हाराजा.” तिचं शिक्षण सांगितलं, नोकरी सांगितली, लहानपणी तापातून वाचवलीस ते सांगितलं. “व्हय म्हाराजा.” धाकटी रडत होती. “आनि आज हिचा हात मी ज्याच्या हातात देतोय, तो माझा जावय...”

आणि आवाज थांबला.

नुसती खरखर. मला वाटलं, गेली, इथून पुढे फाइल खराब झाली, चुलीने शेवटी खाल्लीच. स्पीकरवाला बटणाकडे हात नेऊ लागला. तेवढ्यात त्या खरखरीत मला रिक्षाचा हॉर्न ऐकू आला. आमच्या गल्लीतला. मग कुकरची शिट्टी, माझ्या स्वयंपाकघरातली. फाइल खराब नव्हती. आबांनी नावासाठी जागा सोडली होती. फाइल केली त्या दिवशी जावई कोण हे कुणालाच माहीत नव्हतं. मी स्पीकरवाल्याचा हात धरला.

सगळे काकांकडे बघायला लागले, आता नाव त्यांनी घ्यावं म्हणून. पण आबांनी टाळी वाजवली. एकच, आईला हाक मारायची. एक हात त्यांनी जावयाच्या खांद्यावर ठेवला आणि दुसऱ्याने आईला पुढे बोलावलं. आमच्याकडे बायका देवापुढे गाऱ्हाणं घालत नाहीत. आई गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. आबांनी परत खूण केली, आणि या वेळी तिने ती उलटी समजून घेतली नाही. दोन पावलं पुढे आली आणि खणखणीत आवाजात तिने जावयाचं नाव घेतलं, बापाचं नाव घेतलं, गाव सांगितलं, म्हणाली, “त्यो माझा जावय हाय म्हाराजा, त्याला सुखात ठेव.” सगळ्या वाडीने म्हटलं, “व्हय म्हाराजा.” काकांनी सगळ्यात मोठ्याने म्हटलं.

खरखर आणखी थोडी चालली. मग आबांचा आवाज परत आला, आधीपेक्षा हळू.

“येक माझ्यासाठी मागतो म्हाराजा. माझा आवाज तू नेतोयस, तो ने. त्याच्याबद्दल मी काय बोलनार नाय. पन हिच्या आयेचा आवाज मला शेवटपत्तर ऐकू येऊ दे.”

फाइल तिथेच संपली. सगळ्यांनी हात जोडून ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं, आबांचे ओठही हलले. एकट्या आईला म्हणता आलं नाही.